दुरून हाकलेली गाडी

वाहन आणि चालक यांचा संबंध मनुष्याच्या इतिहासात फार पुरातन आहे. रथापासून मोटारीपर्यंत जी जी वाहने माणसाने निर्माण केली त्या सर्वांत हाकणारा हा स्वतः वाहनावर आरूढ असे, त्याच्या गतीचा वारा आपल्या तोंडावर घेई, आणि अपघात झालाच तर त्याचे फळही आपल्याच देहावर भोगी. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका सोडून, काठावर उभे राहून, बिनतारी लहरींच्या योगे ती हवी तशी वळवून दाखविली, त्या दिवशी या प्राचीन संबंधात पहिली फट पडली. हाकणारा एकीकडे आणि वाहन दुसरीकडे अशी ही नवी व्यवस्था पुढे युद्धखात्याने उचलली, विमानविद्येने उचलली आणि अखेर मुलांच्या खेळण्यांनीही उचलली. खेळण्यांतून ती व्हिडिओ गेमच्या पडद्यावर कशी गेली, आणि १९८८ साली इंग्लंडच्या एका खेड्यात तयार झालेल्या ‘आर. सी. प्रो-अ‍ॅम’ नावाच्या खेळात तिला कोणते रूप मिळाले, याचा वृत्तांत प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मोटारशर्यतीचे खेळ त्यापूर्वीही पुष्कळ झाले होते आणि त्यानंतर तर अगणित झाले. परंतु खेळणाऱ्याचे डोळे कोठे आहेत आणि हात कोठे आहेत, या दोन प्रश्नांची इतकी प्रामाणिक उत्तरे त्यांतील फारच थोड्यांनी दिली, असे माझे मत आहे.

आपल्याकडे जिला सरसकट ‘रिमोटची गाडी’ म्हणतात तिचा जन्म, ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन बिनतारी यंत्र तळहाताएवढे होईपर्यंत, संभवनीयच नव्हता. इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी एल-जी नावाच्या खेळण्यांच्या कंपनीने १९६६ साली फेरारीच्या २५० एलएम या गाडीची एक-बारांश मापाची, दुरून चालविता येणारी प्रतिकृती विक्रीस काढली, आणि बाजारात आलेल्या अशा गाड्यांच्या पहिल्या पिढीत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या छंदाच्या शर्यतींचे नियमन करणारी ‘रोर’ ही संस्था स्थापन झाली. यावरून छंद जन्मताच त्याला कायदेकानू लागले असे दिसते, आणि ते साहजिकही होते. कारण एकाच लहरीवर दोन गाड्या चालू लागल्या तर एकाच्या हुकमावर दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळावयाची, आणि म्हणून प्रत्येक स्पर्धकाला कोणती लहर दिली याचे चोख दप्तर ठेवणे हे शर्यतीच्या व्यवस्थापकाचे पहिले कर्तव्य असे.

याच सुमाराची एक घटना आपल्या विषयाशी विलक्षण जवळीक सांगते. जपानमधील क्योतो शहरी १८८९ पासून खेळण्याच्या पत्त्यांचा व्यवसाय करणारी निन्टेंडो ही कंपनी त्या काळी खेळणी करू लागली होती, आणि तिच्यातील गुनपेई योकोई या कल्पक यंत्रज्ञाने १९७२ साली ‘लेफ्टी आरएक्स’ नावाची दूरनियंत्रित मोटार तयार केली. दूरनियंत्रणाच्या गाड्या त्या वेळी सामान्य मुलाच्या ऐपतीपलीकडच्या होत्या. किंमत उतरविण्यासाठी योकोई याने नियंत्रणाच्या मार्गिकाच कमी केल्या, आणि परिणामी ती गाडी सरळ जाई किंवा डावीकडे वळे. उजवीकडे वळण्याची सोयच तिच्यात नव्हती. वर्तुळाकार मार्गावरून एकाच दिशेने धावणाऱ्या शर्यतीला डावे वळण पुरते, एवढा साधा विचार तिच्यामागे होता. उणिवेलाच खेळाचा नियम करण्याची ही दृष्टी त्या कंपनीच्या पुढील कामात पुन्हापुन्हा प्रत्ययास येते. आणि ज्या कंपनीने सोळा वर्षांनंतर ‘आर. सी. प्रो-अ‍ॅम’ आपल्या नावाने प्रकाशित केला तीच ही कंपनी होय, हा योगायोग मला नोंदण्याजोगा वाटतो.

छंदाला व्यापक लोकाश्रय मिळवून दिला तो मात्र शिझुओका येथील तामिया या कंपनीने. तिचे चालक शुनसाकु तामिया यांना पोर्श गाडीची प्लॅस्टिक प्रतिकृती अस्सल उतरावी असा इतका ध्यास होता की त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि मापे घेण्यासाठी ती खिळ्याखिळ्याने सुटी केली. ती पुन्हा जुळविण्यास पोर्शच्या माणसांचे साहाय्य घ्यावे लागले. त्या मापांवरून निघालेल्या साच्यातून १९७६ च्या अखेरीस कंपनीची पहिली विजेवर चालणारी दूरनियंत्रित पोर्श ९३४ बाहेर पडली. १९७९ मध्ये वाळूवर धावणारी ‘सँड स्कॉर्चर’ आली, १९८४ मध्ये ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ आल्या, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील असोसिएटेड या कंपनीने सोनेरी झाक असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची ‘आरसी १०’ काढून खेळणे आणि यंत्र यांतील सीमारेषा जवळजवळ पुसून टाकली. १९८५ साली कॅलिफोर्नियाच्या डेल मार येथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. साडेसात व्होल्टांच्या आतबाहेर असणारी निकेल-कॅडमियमची बॅटरी, मुठीत मावणारी मोटर, काही मिनिटांत संपणारी शर्यत आणि त्या काही मिनिटांसाठी रात्रभर चाललेली स्क्रू-पान्याची खटपट, असा या छंदाचा संसार होता. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास जपान, अमेरिका व युरोप या तिन्ही ठिकाणी तो ऐन भरात आला होता.

आता या छंदातील एका गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या सर्व विवेचनाची किल्ली तिच्यात आहे. दूरनियंत्रित गाड्यांच्या शर्यतीत स्पर्धक मैदानात उतरत नाहीत. मार्गाच्या एका बाजूस उंच मचाण बांधलेले असते, त्यावर सारे एका रांगेत उभे राहतात आणि प्रत्येकाच्या हातात नियंत्रणाची पेटी असते. त्यांना संपूर्ण मार्ग तिरकस, वरून, एकाच नजरेच्या टप्प्यात दिसतो. प्रत्यक्ष मोटार हाकणाऱ्याला समोरचे वळण आपल्यावर चाल करून आल्यासारखे वाटते. मचाणावरच्या माणसाला मात्र वळण जेथल्या तेथे राहते आणि गाडी त्याच्याकडे जाते. हे झाले सुखाचे. दुःखाची बाजू अशी की गाडी आपल्यापासून दूर जात असेल तोवर हाताचे डावे आणि गाडीचे डावे एकच असते, परंतु वळसा घेऊन ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की पडद्यामागचा सूत्रधार बदलावा तसे सारे उलटे होते: गाडीला आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजवीकडे न्यावयाचे असेल तर चाक तिच्या डावीकडे, म्हणजे आपल्या हातांनीही डावीकडेच, फिरवावे लागते. नवशिक्याची गाडी पहिल्या वळणाला सुखरूप जाते आणि परतीच्या वाटेवर कुंपणात शिरते, ती यामुळे. या विद्येत प्रावीण्य मिळविणे म्हणजे स्वतःच्या डाव्या-उजव्याचा अभिमान सोडून त्या चिमुकल्या गाडीत आपले मन नेऊन बसविणे होय. देह मचाणावर आणि चित्त मैदानात, अशी ही द्विस्थ अवस्था ज्याला साधली त्याला वळणावर विचार करावा लागत नाही.

ही अवस्था व्हिडिओ गेम खेळणाऱ्याचीही असते, हे सांगावयास नकोच. तोही पडद्यापासून काही हातांवर बसतो, त्याच्याही हातात पेटी असते, आणि त्याचेही चित्त दुसऱ्याच कोणाच्या देहात संचार करीत असते. तरीसुद्धा शर्यतीचे बहुतेक खेळ ही वस्तुस्थिती दडवीत आले. १९८२ साली नाम्को कंपनीने काढलेल्या ‘पोल पोझिशन’ या खेळात दृष्टी गाडीच्या मागे ठेवून रस्ता अंगावर धावून येतो असा आभास निर्माण केला होता, आणि तो आभास इतका लोकप्रिय झाला की त्याच वाटेने पुढची मोठी परंपरा गेली. दुसरी एक परंपरा १९७४ च्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ पासून १९८६ च्या ‘सुपर स्प्रिंट’ पर्यंत आलेली होती. तिच्यात सारा मार्ग एकाच पडद्यावर, वरून पाहिल्यासारखा, नकाशाप्रमाणे मांडलेला असे. पहिलीत वेग होता पण स्थळ नव्हते, दुसरीत स्थळ होते पण ते एका पडद्याच्या चौकटीत कोंडलेले होते.

या दोहोंच्या मधली वाट ज्यांनी काढली त्या टिम आणि ख्रिस स्टँपर या बंधूंचा पूर्वेतिहास इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातील अ‍ॅश्बी-द-ला-झूश या गावाशी निगडित आहे. १९८२ साली त्यांनी तेथे काही निकटच्या सहकाऱ्यांसह अ‍ॅश्बी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स ही कंपनी काढली आणि ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या नावाने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी खेळ रचण्यास प्रारंभ केला. १९८३ चा ‘जेटपॅक’ केवळ १६ किलोबाइट स्मृतीत बसविलेला होता. १९८४ च्या ‘नाइट लोअर’ मध्ये त्यांनी खोलीचे चित्र वरून आणि तिरकस असे काढले. खोलीचे कोपरे पडद्याच्या कडांना समांतर न राहता कर्णाच्या दिशेने गेले, दूरची वस्तू जवळच्या वस्तूइतक्याच मापाची राहिली, आणि तरीही जमिनीवर एक वस्तू दुसरीच्या मागे आहे हे डोळ्यांना निःसंशय कळू लागले. स्थापत्याच्या नकाशांत चालत आलेली ही चित्रणाची रीत घरगुती संगणकावर इतक्या डौलाने अवतरलेली पाहून इंग्लंडातील खेळकर्त्यांनी तिचे अनुकरण करण्याचा सपाटाच लावला. मचाणावरून दिसणारे दृश्य काढण्याचे कसब स्टँपर बंधूंच्या हाती असे अगोदरच आलेले होते. मैदान तेवढे मिळावयाचे होते.

ते मैदान जपानातून आले. निन्टेंडोचे फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले आणि काही काळाने ते स्टँपर बंधूंच्या हाती पडले. त्यांनी कोणाच्याही मार्गदर्शनावाचून ते उलगडले, त्याच्या अंतर्भागाचे नियम स्वतःच शोधून काढले, आणि त्यावर चालणारे नमुने करून निन्टेंडोच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले. इंग्लंडात त्या वेळी या यंत्राचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीचे मोल कळते. त्यांना खेळ करण्याचा परवाना मिळाला, १९८५ मध्ये ‘रेअर’ ही कंपनी उभी राहिली, आणि जपानबाहेरच्या ज्या मंडळींनी या यंत्रासाठी अगदी आरंभी काम केले त्यांत तिचे स्थान अग्रभागी राहिले. कंपनीने आपले बिऱ्हाड अ‍ॅश्बीपासून काही मैलांवरच्या ट्वायक्रॉस या खेड्यातील एका जुन्या शेतघरात हलविले. प्राणिसंग्रहालय आणि १४८५ च्या बॉसवर्थच्या रणभूमीचे सान्निध्य एवढीच ज्या गावाची ख्याती, तेथे अमेरिकेच्या घराघरांत जाणारे खेळ शिजू लागले. १९८७ मध्ये बर्फावरून घसरत जाण्याचा ‘स्लॅलम’ आला, त्याच वर्षअखेर ‘विझर्ड्स अँड वॉरियर्स’ आला, आणि १९८८ मध्ये ‘आर. सी. प्रो-अ‍ॅम’. अमेरिकेत तो निन्टेंडोने स्वतःच्या नावाने प्रकाशित केला, आणि परक्या मंडळींच्या कृतीस असा मान क्वचितच मिळे.

खेळाची मांडणी ऐकण्यास सोपी आहे. चार गाड्या: लाल गाडी खेळणाऱ्याची, हिरवी, निळी व नारिंगी या यंत्राच्या. पहिल्या तिघांत आले तर पुढच्या शर्यतीत प्रवेश, चौथे आले तर बाद. आणि बाद झाल्यावर पुन्हा उभे राहण्याच्या संधी मोजक्याच. पडद्यावर मार्गाचा एक तुकडाच दिसतो आणि लाल गाडीबरोबर तो सरकत राहतो. संपूर्ण मार्गाचा छोटा नकाशा खाली काढलेला असून त्यावर गाड्यांचे ठिपके फिरत असतात. रस्त्यावर तेलाचे डाग आहेत, पाण्याची डबकी आहेत, अवचित वर येणाऱ्या भिंती आहेत, आणि ज्यांवरून गेले असता गाडीला क्षणभर वेगाचा झटका मिळतो असे बाणही रंगविलेले आहेत. वाटेत चिकट टायर, अधिक प्रवेग, अधिक कमाल वेग अशी प्राप्ती विखुरलेली असते आणि ती वेचीत वेचीत गाडी सुधारत जाते.

परंतु खेळाचे मर्म वळणात आहे. लाल गाडी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे निघालेली आहे असे समजा. समोर रस्ता डावीकडे मोडतो. अंगठा डावे दाबतो, गाडी डावीकडे वळते आणि वरच्या डाव्या कोपऱ्याकडे तोंड करते. येथवर हात आणि डोळा यांचे मैत्र अभंग आहे. पुढे पुन्हा डावे वळण लागते, गाडी खालच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरू लागते, म्हणजे आता ती आपल्याकडे येत आहे. याच क्षणी रस्ता पडद्याच्या उजव्या बाजूस मोडतो, आणि नवखा खेळाडू उजवे दाबतो, कारण डोळे तसे सांगतात. गाडी नेमकी उलट फिरते, कडेला घासते, आणि तेवढ्यात हिरवी व निळी दोघी निघून जातात. ज्याने मन गाडीत नेऊन बसविले आहे त्याने मात्र डावे दाबलेले असते. मचाणावरच्या माणसाची जी कसोटी मी वर वर्णिली ती येथे जशीच्या तशी आहे. ती सौम्य करण्याचा, दिशा पडद्याच्या हिशेबाने लावण्याचा मोह कर्त्यांना झाला नाही, यात मला त्यांची रसिकता दिसते. वळण पूर्ण होताना गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर सरकतो, हीही गोष्ट ज्याने अंगणात खरी रिमोटची गाडी भरधाव सोडली असेल त्याला तत्काळ ओळखू येईल.

हे सारे ज्या यंत्रावर साधले त्याची ऐपत सांगितल्याशिवाय कर्तृत्वाचे माप लागत नाही. निन्टेंडोच्या या यंत्रात कामकाजाची स्मृती अवघी २ किलोबाइट. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. हलत्या आकृतींचे तुकडे एकूण ६४, आणि एका आडव्या ओळीत ८ पेक्षा अधिक आले की उरलेले अदृश्य होत. अशा यंत्राला आडवी किंवा उभी सरकणारी पार्श्वभूमी मानवे. कर्णाच्या दिशेने सरकणारी पार्श्वभूमी म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी नवे चित्र पुरवीत राहणे, आणि तेही पडद्यावर कोठे ठिगळ न दिसता. शिवाय गाडी आठ-दहा दिशांना नव्हे तर वळताना मधल्या प्रत्येक कोनातून दिसावयास हवी, म्हणून त्या कोनांची चित्रे एकेक ठिपका मांडून काढावयाची. हलत्या आकृतींसाठी यंत्रात रंगांचे संच बरोबर चार आहेत, गाड्याही चारच. त्या हिशेबाने ही संख्या ठरली की शर्यतीच्या रुचीने, याचा निर्णय मी करीत नाही. पण मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जाऊन थांबण्याची ही तऱ्हा लेफ्टी आरएक्सच्या कुळातील आहे असे मात्र मला वाटते.

ध्वनीची बाजू डेव्हिड वाइज याने सांभाळली. स्टँपर बंधूंना तो वाद्यांच्या एका दुकानात भेटला होता, आणि पुढे १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’ या खेळाच्या संगीताने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. प्रस्तुत खेळातील त्याची कामगिरी लहान पण चोख आहे. शर्यत सुटण्यापूर्वीची आटोपशीर धून, आणि मग वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी मोटरची गुणगुण, टायरांची किंकाळी, धडकेचा आवाज. मोठ्या इंजिनाचा गडगडाट त्याने मुळी योजलेलाच नाही. लहान विद्युत मोटरीचा जो बारीक, काहीसा हट्टी स्वर असतो तोच येथे ऐकू येतो.

अस्त्रांचा मुद्दा राहिला. या खेळात पुढे क्षेपणास्त्र सोडता येते आणि मागे बाँब टाकता येतो. तारे गोळा केले की दारूगोळा वाढतो. मजबूत सांगाडा मिळाला की दुसऱ्याला धडक देऊन आपल्याला सुरक्षित निघता येते. खऱ्या छंदाशी इमान राखणाऱ्याला हे खटकेल, आणि ती हरकत मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु विचार केला असता असे दिसते की अस्त्रांची ही मुभा खेळण्याच्या कल्पनेतूनच आलेली आहे. १९८३ च्या ‘स्पाय हंटर’ मध्ये गाडीवर बंदुका होत्या, १९८५ च्या ‘रेसिंग डिस्ट्रक्शन सेट’ मध्ये सुरुंग होते. तेथे गाडीत माणूस आहे ही जाणीव कोठे तरी मागे असते. येथे गाडीत कोणीच नाही. ती उलथली, तिचे तुकडे झाले, तरी मचाणावरील कोणाच्या अंगाला ओरखडा उठत नाही, आणि दुसऱ्या क्षणी ती पुन्हा रस्त्यावर येते. चढाओढीतला सारा द्वेष जिरवून केवळ खट्याळपणा शिल्लक ठेवण्याची ही युक्ती फार दूरवर गेली. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’ पासून जे शर्यतीचे खेळ घरोघर कुटुंबाने एकत्र बसून खेळले जाऊ लागले, त्यांच्या पूर्वजांत अनेक समीक्षकांनी या खेळाची गणना केली आहे ती यथार्थ आहे. १९९३ चा ‘रॉक अँड रोल रेसिंग’ तर दृष्टिकोन, अस्त्रे आणि गाडी सुधारण्याची पद्धत या तिन्ही बाबतींत त्याचा थेट वारस शोभतो.

मार्गावर अधूनमधून रोमन लिपीतील अक्षरेही पडलेली असतात. ती वेचून निन्टेंडो हे आठ अक्षरी नाव पूर्ण केले की खेळणाऱ्याला नवी, अधिक वेगवान गाडी मिळते. पुढे १९९२ मध्ये ‘चँपियनशिप प्रो-अ‍ॅम’ या नावाने हाच खेळ प्रतिस्पर्धी सेगाच्या यंत्रावर आला तेव्हा साहजिकच त्या नावाला रजा द्यावी लागली.

एका बाबतीत मात्र खेळाचा न्याय मला मान्य नाही. पुढपुढच्या शर्यतींत नारिंगी गाडी एखादे वेळी अकस्मात तीक्ष्ण स्वर काढून अशा वेगाने सुटते की तिला गाठणे कोणाही मर्त्याच्या आवाक्यात राहत नाही. आपल्या गाडीला ज्या नियमांनी बांधले आहे ते यंत्राच्या गाडीला लागू नाहीत हे अशा वेळी उघडे पडते. पहिल्या तिघांत येणे पुरेसे असल्याने एका गाडीचा हा अतिरेक सोसता येतो, हे खरे. तरीही ज्या खेळाने डाव्या-उजव्याच्या बाबतीत इतकी सचोटी दाखविली त्याने येथे ती सोडावी, याची रुखरुख राहते.

यशाबरोबर संतती आली. १९९१ मध्ये हातात धरण्याच्या गेम बॉयसाठी ‘सुपर आर. सी. प्रो-अ‍ॅम’ निघाला, १९९२ मध्ये मूळ यंत्रासाठी ‘आर. सी. प्रो-अ‍ॅम २’ आला आणि चौघा खेळाडूंना एकत्र खेळण्याची जी सोय पहिल्यात नव्हती ती त्यात झाली. दरम्यान १९८९ चा ‘सुपर ऑफ रोड’ हा नाण्याच्या यंत्रावरील शर्यतीचा खेळ निन्टेंडोच्या यंत्रावर आणण्याचे काम रेअरकडेच आले. शेजारच्या वॉरिकशर परगण्यात कोडमास्टर्स या कंपनीने १९९१ मध्ये ‘मायक्रो मशीन्स’ काढला आणि खेळण्यातल्या गाड्या जेवणाच्या टेबलावरून व बागेतून धावविल्या. इंग्लंडच्या मध्यभागातील या दोन लगतच्या परगण्यांनी तीन-चार वर्षांच्या अंतराने चिमुकल्या गाड्यांवर असे दोन नामांकित खेळ द्यावेत, ही गोष्ट त्या प्रदेशाच्या इतिहासकाराने टिपून ठेवावी.

महाराष्ट्रात हा खेळ फारसा पोहोचला नाही, आणि त्याचे कारण अभिरुचीत नसून यंत्राच्या बांधणीत आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडे शहरांतून जी व्हिडिओ गेमची स्वस्त यंत्रे आली ती जपानी फॅमिकॉमच्या नकला होती, आणि त्यांत घालावयाची कॅसेट ६० टोकांची असे. अमेरिका व युरोप येथे विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या यंत्राची कॅसेट ७२ टोकांची, आणि आकारानेही निराळी. ‘आर. सी. प्रो-अ‍ॅम’ जपानमध्ये फॅमिकॉमसाठी कधीच निघाला नाही. म्हणून ‘एक्साइटबाइक’ आणि ‘रोड फायटर’ हे जपानी खेळ येथील एका पिढीच्या बोटांत मुरले, उन्हाळ्याच्या सुटीत एकाच टीव्हीभोवती चाळीतली पोरे ‘आता माझा नंबर’ म्हणत बसली ती याच खेळांसाठी. ट्वायक्रॉसची लाल गाडी मात्र त्यांच्या ओळखीची झाली नाही.

दूरनियंत्रित गाडीचा विषय पुन्हा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला गेला तो १९९९ साली, ‘री-व्होल्ट’ या खेळात. तो लंडनमध्ये अक्लेम कंपनीच्या कार्यशाळेत रचला गेला आणि संगणकासह प्लेस्टेशन, निन्टेंडो ६४ व ड्रीमकास्ट या यंत्रांवर निघाला. वस्तीतील रस्ते, किराणा मालाचे मोठे दुकान, वस्तुसंग्रहालय अशा स्थळांतून खेळण्यातली गाडी धावते, आणि फूटपाथची कड तिला डोंगराएवढी वाटते, ही कल्पना मोठी रम्य होती. या खेळाचे चाहते कंपनी बुडाल्यानंतरही वर्षानुवर्षे नवे मार्ग आणि नव्या गाड्या तयार करीत राहिले. गाडीचे वजन, उसळी आणि कोलांट्या त्यात ज्या सूक्ष्मतेने उतरल्या आहेत त्यांना तोड नाही. परंतु त्यात दृष्टी प्रायः गाडीच्या पाठीमागेच असते. ती गाडीबरोबर वळते, त्यामुळे हाताचे डावे आणि डोळ्यांचे डावे कधी वेगळे होत नाहीत, आणि मचाणावर उभा असलेला माणूस तेथे शिल्लकच राहत नाही. खेळणाऱ्याला पुन्हा वाहनावर नेऊन बसविले जाते. रूपाने ‘री-व्होल्ट’ खऱ्या रिमोटच्या गाडीच्या कितीतरी अधिक जवळ आहे, पण ती हाकण्याचा अनुभव त्याच्या अकरा वर्षे अगोदरच्या, दोन किलोबाइटांच्या यंत्रावरील खेळात अधिक आहे, या निष्कर्षावरून मला हटता येत नाही. रेअर कंपनी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली आणि २००७ मध्ये स्टँपर बंधू तेथून बाहेर पडले. तथापि २०१५ च्या ‘रेअर रीप्ले’ या तीस खेळांच्या संग्रहात त्यांचा ‘आर. सी. प्रो-अ‍ॅम’ समाविष्ट झाला आणि २०२४ मध्ये तो निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावरही आला. तेव्हा ज्याला माझा निष्कर्ष पडताळून पाहावयाचा असेल त्याला आता तो स्वतःच्या अंगठ्यांनी पडताळता येईल.